विमानात न बसता लागलेला जेट लॅग

विमानात पाय न ठेवता जेट लॅग लागलेली बाई आख्ख्या जाफ्राबाद तालुक्यात एकच, आन ती मी, टेंभुर्णीची चतुराबाई. हसायचं तर हसा. पर हसणाऱ्याला माझ्या घरी चहा भेटत न्हाई, हे आधीच सांगून ठेवते.

माझा मच्छिंद्र शिकागोला कॉम्प्युटरच्या कामावर होता. तिथंच त्याला पोरगी झाली. तिचं कागदावरचं नाव लांबलचक हाय, माझ्या तोंडी ठकीच बसलं. दहा महिन्यांची झाली तरी म्या तिला फोटोतच पाह्यलं होतं. अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत त्यानं आम्हा दोघा नवराबायकोला बारा दिवसांसाठी तिकडं बोलवलं. म्हणला, "माय, ठकीची पयली संक्रांत हाय. तूच येऊन बोरन्हाण कर."

काय करू आन काय न्हाई असं झालं मला. लेकराला काळं झबलं घालायचं, हलव्याचे दागिने घालायचे, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, रेवड्या ओतायच्या आन भोवतालच्या पोरांनी त्या लुटायच्या. माझ्या सासूनं मच्छिंद्राचं केलं होतं, आता माझी पाळी. न्हाईतर मी कशाला जाते सातासमुद्रापार? मला जालन्याच्या एस्टीतबी मळमळतं.

तेवढ्यात आमचे पाव्हणे तातेराव भोकरदनहून आले. ते आदल्या साली तीन हप्ते लेकाकडं अमेरिकेला राहून आल्ते, त्यामुळं अमेरिकेचं सगळं त्यांनाच कळतं.

"वहिनी, इथं दिवस तवा तिथं रात," ते म्हणले. "मी पयले आठ दिवस नुसता झोपून होतो. पोरानं मोठा धबधबा पाहायला नेलं, तर मी गाडीतच घोरत पडलो. फोटोत सगळे हायेत, मीच न्हाई. याला जेट लॅग म्हणत्यात."

माझ्या डोळ्यांपुढं चित्रच आलं. तिकडं ठकी पाटावर बसलेली, लोक जमलेले, आन आजी घोरून राह्यली. "मंग याला उपाय?" म्या विचारलं.

"एकदम सोपा. इथूनच सवय करून जायची. आजपासून दिवसा झोपा, रातभर जागा."

आमचे मालक, सर्जेराव, लगेच खूश. शेताची लाईट त्या महिन्यात रातचीच होती, त्यामुळं गव्हाला पाणी द्यायला ते तसेबी रातभर मोटरीपाशीच असायचे. "म्हंजी मी निम्मा अमेरिकेला पोचलेलोच हाय," म्हणले.

मंग काय, दुसऱ्या दिवसापासून आमचं घर शिकागोच्या टाईमावर. सकाळी सातला रातचं जेवण, पिठलं-भाकर. खिडकीला पोतं बांधून आठला झोप. संध्याकाळी सातला दात घासून चहा. गल्लीतल्या बाया हळदी-कुंकवाचं बोलवायला दुपारी यायच्या आन दार वाजवून परत जायच्या. कुणी म्हणलं चतुराबाई आजारी हाय, कुणी म्हणलं अमेरिकेच्या नावानं माजली. म्हणू दे म्हणलं. मी रातच्या दोनला अंगणात बसून ठकीचं झबलं शिवायची आन मला झोप येत न्हाई या आनंदानं गाणं म्हणायची.

तवा रोजे चालू होते. शेजारची लालबी पहाटं चारला सहरीचा, म्हंजी रोज्याआधीच्या जेवणाचा, सैपाक करायला उठायची आन भिंतीवरून मला पाहून म्हणायची, "चतुराबाई, रोजे हमारे और जागते तुम?" मी म्हणायची, "लालबी, मी शिकागोत हाय."

आठ दिवसांत सवय बराबर लागली. आन तिथंच घात झाला.

व्हिसाचं काम मुंबईला, सकाळी दहाला. तातेराव म्हणले होते, ते काय, गेल्या गेल्या शिक्का मारत्यात. पर सकाळचे दहा म्हंजी आमची भर मध्यरात. मालक बाकड्यावर बसले आन बसल्या जागी झोपले. नंबर आला तवा त्यांना हलवून उभं केलं. खिडकीतल्या साहेबानं दुभाष्याकडून विचारलं, "अमेरिकेत किती दिवस राहणार?"

मालकांचे डोळे मिटलेले. म्हणले, "लाईट जाईस्तोवर न्हाई हलत मी तिथून."

दुभाष्यानं साहेबाला काय सांगितलं देव जाणे. मी मधी तोंड घातलं, "साहेब, बाराच दिवस," पर मलाबी मोठी जांभई आली. पासपोर्ट शिक्क्याबिगर तसेच परत मिळाले. हात दाखवून अवलक्षण म्हणत्यात ते हेच.

घरी येऊन ते काळं झबलं मांडीवर घेतलं आन पोटभर रडले. मालक म्हणले, "चतुरा, चूक माझी हाय." मी म्हणलं, "तुमची न्हाई, त्या तातेरावाची हाय. येऊ द्या त्याला."

मच्छिंद्राला फोनवर सगळं सांगितलं. तो इतका हसला की मला रागच आला. दुसऱ्या दिवशी त्याचा परत फोन. "माय, तुमच्यासाठी सुट्टी काढलेलीच होती. आम्हीच येऊन राह्यलो. चार दिवस टेंभुर्णी, मंग जुन्या जालन्यात सासुरवाडी."

विसाव्या तारखेला भर दुपारी जीप दारात आली. मी भाकरतुकडा ओवाळायला धावले, तर आत तिघंबी झोपलेले. मच्छिंद्राचं तोंड उघडं, सूनबाईचं डोकं काचेला टेकलेलं, आन ठकी तिच्या मांडीवर गाढ. पयल्यांदाच नातीला हातात घेतलं, तर ते गाठोडं डोळाबी उघडीना. तरी मला इतका आनंद झाला की मी जीपवाल्यालाबी ओवाळलं.

बोरन्हाण त्याच संध्याकाळी ठरवलं. बांधावरच्या बोरीची टपोरी बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, रेवड्या, सगळी टोपली तयार. बाया आल्या, पोरं आली. ठकी उठंना. पाणी शिंपडलं, टाळ्या वाजवल्या, मालकांनी सायकलची घंटी वाजवली. ठकीनं कूस बदलली.

"झोपलेल्या लेकराचं बोरन्हाण करत न्हाईत," चांगुणाबाई म्हणली. ती गल्लीत सगळ्यात वडील, तिच्यापुढं कोण बोलणार? सगळ्या कुंकू लावून घरी गेल्या. दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्या संध्याकाळी चारच बाया आल्या, पोरं तर आलीच न्हाईत. सूनबाई रडकुंडीला आली. म्हणली, "आत्या, इथली वेळ तिला लागतच नाहीये. आता राहू द्या." दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जीप यायची होती.

पर एक गोष्ट म्या कुणाला सांगितली नव्हती. रातचे दोन वाजले की ठकी टक्क जागी व्हायची. आईबाप घोरत पडलेले असायचे, आन मी शिकागोच्या टाईमावरच होते. दोन राती ती माझ्या एकटीची होती. माझ्या बांगड्या ओढायची, मी गाय दाखवली की हात हलवायची. मी तिला म्हणायची, "ठके, तुझा आन माझा दिवस एकच हाय बघ."

तिसऱ्या राती हेच म्हणता म्हणता मी थबकले. दिवस एकच हाय, तर मी संध्याकाळची वाट काहून पाहून राह्यले? तिला जागं करायची खटपट कशाला, जागीच तर हाय.

चार वाजले होते. भिंतीपलीकडं लालबीची चूल पेटलेली दिसली. मी हाक मारली, "लालबी, सहरीला उठलेली लेकरं जल्दी पाठव. ठकीची बोरं लुटायचीत."

लालबी भिंतीवरून म्हणली, "अब्बी भेजती." तिची पोरगी गौहर आन गौहरची तीन भावंडं धावत आली, तोंडात घास तसाच. त्यांच्या गलक्यानं गल्लीतली पोरं उठली आन चादरी गुंडाळून आली. मच्छिंद्र, सूनबाई डोळे चोळत उठले. तेवढ्यात मालक शेतावरून आले, पाय चिखलानं भरलेले, आन येता येता बोरीखालची ताजी बोरं उपरण्यात बांधून आणलेली. चांगुणाबाई काठी टेकत आली. मी म्हणलं, "बघा, डोळे उघडे हायेत का?" तिनं ठकीच्या तोंडाजवळ वाकून पाह्यलं. "हायेत बाई. ओत."

ठकीला पाटावर बसवलं. काळं झबलं, हलव्याचा मुकुट. म्या दोन्ही हातांनी टोपली उचलली आन तिच्या डोक्यावरून ओतली. बोरं टपाटप पडली, पोरांनी झडप घातली, आन ठकी जी हसायला लागली ती थांबंचना. स्वतःच मुठी भरून पोरांवर बोरं फेकू लागली. मला इतका आनंद उभ्या आयुष्यात झाला नव्हता, मच्छिंद्र झाला तवाबी न्हाई. तो समोरच उभा होता, तरी म्या तोंडावर सांगितलं.

सहाला जीप आली तवा ठकी पुन्हा झोपलेली. तिच्या मुठीत एक बोर होतं, ते सूनबाईनं काढून घेतलं न्हाई.

पुढं आठ दिवस ती मंडळी जालन्यात राह्यली आन मंग शिकागोला गेली. मालकांची लाईट रातचीच होती, म्हणून माझं दिवसा झोपणं चालूच होतं. एक दिवस भर दुपारी दीडला फोन वाजला. मी झोपेतच उचलला, चिडूनच.

"माय," मच्छिंद्र म्हणला, "इथं रातचे दोन वाजलेत. जालन्यात ठकीला तिकडची वेळ लागली, ती सुटंना. दिवसा झोपती, रातभर जागी. आत्ता फरशीवर बोरं शोधून राह्यली. काय करू?"

"काय करू नको. तिला झोपवायच्या भानगडीत पडू नको," म्या म्हणलं. "फोन दे तिच्या कानाला."

ठकी तिकडून नुसती हसली. म्या फोन ठेवला, खिडकीचं पोतं सोडलं आन तोंडावर पाणी मारलं. मालकांनी चादरीतून विचारलं, "झोपत न्हाई का?"

"न्हाई," म्या म्हणलं. "एवढ्या दुरून लेकरू टेंभुर्णीच्या घड्याळावर आलं, आन मी झोपू?"