बाहेरून कुलूप

किल्लीवाल्याने लेकीला दिलेला सल्ला साधा होता: नवऱ्याला आत ठेव, बाहेरून कुलूप लाव आणि कामाला जा, कुलूप दिसलं की पोलीस पुढच्या दाराकडे वळतात. तीन दिवसांपूर्वी वस्तीत पोलिसांच्या गाडीवर दगड पडले होते. जावयाने दगड उचललाही नव्हता. पण कुणाच्या तरी मोबाइलवरच्या व्हिडिओतल्या गर्दीत त्याचं तोंड दिसत होतं, आणि पोलिसांना तोंडंच हवी होती.

दोन दिवस सल्ला लागू पडला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी हवालदार टपरीवर आला. एक दार उघडायचंय, म्हणाला. नाही म्हणायची सोय नव्हती. किल्लीवाला तारांची पिशवी घेऊन निघाला आणि गल्ली कुठे वळतेय हे कळलं तसा तो मागे रेंगाळू लागला.

लेकीच्या दारापुढे दोन शिपाई उभे होते.

"कुलूप बाहेरून आणि पंखा चालू आतून," हवालदार म्हणाला. "भुताला उकडतंय वाटतं."

दार कोणाचं, हे किल्लीवाल्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. मागच्या भिंतीचा वरचा पत्रा सैल होता. तो उचकटून पलीकडे उतरायला जावयाला पाच मिनिटं पुरली असती. पाच मिनिटं काढायची, बस्स. त्याने मुद्दाम चुकीची तार काढली, खोकला, कुलूप गंजलंय म्हणून मोठ्याने कुरकुरला. आत पंखा थांबला. मग पत्रा करकरला.

एका शिपायाने मान वळवली. आवाज झाकायला किल्लीवाल्याने कुलूप दारावर खडखडवलं, तार जोरात फिरवली. तीस वर्षांच्या सवयीचा हात. डोकं काही म्हणायच्या आत त्याने खाच पकडली. कुलूप सुटून त्याच्या तळहातात पडलं.

"कारागीर आहेस," हवालदार म्हणाला आणि त्याने दार ढकललं.

जावई खाटेवर चढून पत्र्याला हात लावून उभा होता. त्याने पोलिसांकडे पाहिलंच नाही. पाहिलं ते सासऱ्याकडे.

पोलीस जावयाला चौकीवर घेऊन गेले. संध्याकाळी लेक टपरीवर आली. शेजारणींनी तिला सगळं सांगितलं होतं, जरा तिखटमीठ लावूनच. काय झालं हे तो सांगू लागला: खडखडाट, हात, खाच. तिने मध्येच थांबवलं.

"तो तुमचा जावई आहे, हे सांगितलंत त्यांना?"

त्याने समोरची एक किल्ली उगाच उलटीपालटी केली.

"मग आता चौकीवर चला आणि सांगा."

तो उठला. हात सवयीने पिशवीकडे गेला.

"ती राहू दे इथेच," लेक म्हणाली.