सर, मी बोलून राहिली ना!

कोण्या मास्तरवर एवढा राग मले जिंदगीत आला नव्हता!

मी बेबीताई. अकोल्यात फुलायची गाडी लावते. नववीत लग्न झालं अन् दहावी राहून गेली. आता पोट्टी करिश्मा नोकरीले लागली, तिनंच मले मोबाइलवर बायायचा दहावीचा क्लास लावून देला. साऱ्या बाजारात मी सांगून ठेवलं, यंदा बेबी दहावी पास होते! माहा नवरा शेखर हासे. मी मनलं, हास बाप्पा, निकालाच्या दिवशी पेढे तूच वाटशीन.

शिकवाले विपुल सर, अमरावतीचे. पोरगाच तो, पण समजावून लय सुंदर सांगे. पहिल्याच दिवशी कोणाचा कुकर वाजला, कोणाची बकरी वरडली, तं सर मनले, "ताई, सगळ्यांनी माइक बंद ठेवा." ठेवला. गुरूचा शब्द मोडाची आपली रीत नाई. "आता चालू करा" असं ते काही मनले नाई, मनून आमी केला नाई. आमाले वाटे, बायायचा गोंगाट बायायले जाऊ नये मनून बंद. सरले तं ऐकू येतच असन, सर हायेत ते!

सर विचारत, "समजलं का?" मी हार गुंफता गुंफता वरडो, "समजलं सर!" सर विचारत, "उत्तर कोण सांगेल?" मी एवढ्या जोरात सांगो का बाजूचा नारळवाला केशवराव दचके. अन् सर काय मनत? "कोणीच बोलत नाही का?" माय वं! आमी का मुक्या हाओत?

अन् एक दिवस सर तोंड पाडून बसले. "ताई, दोन महिने मी भिंतीशी बोलतोय. तुम्हाला कंटाळा येतो, मला कळतं. आजचा शेवटचा तास. वर्ग बंद करा म्हणून संस्थेला सांगून टाकतो."

माह्या हातातला हार खाली पडला. शेवटचा? अन् माही दहावी? मले शिकाचं होतं ना!

"सर, मी बोलून राहिली ना!" मी अशी वरडली का रस्त्यावरचे लोकं थांबले. सर आपले निरोपाचं बोलतच होते. मंग मी केशवरावाच्या हातातला फोन हिसकला अन् सरचा नंबर लावला.

"हॅलो, कोण?"

"मी बेबी! भैताडावानी काय करून राहिले तुमी? रोज उत्तरं देतो आमी, तुमचे कान फुटले का?"

"बेबीताई, तुमचा माइक तर बंद आहे."

"मंग? तुमीच सांगतलं ना बंद ठेवा मनून!"

सर डोकं धरून असे हासले, असे हासले का डोळे पुसाले लागले. "सगळ्या जणी माइक चालू करा!"

बाप्पा रे! दर्यापूरच्या जमुनाचा कुकर, बडनेऱ्याच्या रागिणीच्या घरामागची मालगाडी, रिद्धपूरच्या गोदाबाईची बकरी, अन् साऱ्या बाया एकदमच, "सर, मी तं रोज सांगो!"

सरनं लगेच प्रश्न टाकला. "हजार माणसांचं गाव. आधी दहा टक्के माणसं वाढली, मग दहा टक्के कमी झाली. आता किती?"

"हजार!" सगळ्यायच्या आधी मी.

"चूक!" घरी पाळणा हलल्यासारखे सर खूश. "बेबीताई, एकदम चूक!"

मले इतका आनंद झाला, काय सांगू! दोन महिन्यात पहिल्यांदाच माह्या बोलण्याले कोणी उत्तर देलं.

"अकराशेचे दहा टक्के एकशे दहा. राहिले नऊशे नव्वद."

"अन् दहा माणसं गेले कुठं?" मी भांडालेच उठली.

"बडनेऱ्यावरून गाडी धरली असन," रागिणी मने.

"लग्नाले गेले असतीन, येतीन संध्याकाळी," जमुना मने.

"पण कमी करताना काहून जास्त गेले? हा अन्याय हाये!" गोदाबाई तापली.

तास केव्हाच संपला होता. कोणीच हालेना. मंग मीच विचारलं, "काहो सर, तुमी तं सोडून चालले होते ना?"

"आधी हे दहा जण सापडू द्या," सर मनले. "उद्या याच वेळेला या सगळ्या."