खुंटीला टांगलेली पोथी

लग्नात आईने दिलेली पोथी माझ्याजवळ आहे. संध्याकाळी दिवा लावून तिच्यातला एक अध्याय वाचल्याशिवाय मी अन्नाला शिवत नाही. आमचे हे, धुडकू, कापडाच्या लूमवरून सुटले की दारूची थैली पिऊन देव्हाऱ्यापुढेच आडवे होत. नवऱ्याला ओलांडू नये म्हणतात. पण ओलांडल्याशिवाय दिवा लागत नसे.

मग सुरतेतल्या आमच्या लिंबायत वस्तीत हीच पोथी सांगणारे महाराज आले. मांडवात त्यांनी यांच्या डोक्यावर हात ठेवला, "सोड" म्हणाले, आणि यांनी सोडली.

तेव्हापासून हे ओट्यावर बसून शेजारच्या अंजनाबाईशी वाद घालत. तिच्या घरी बुद्धवंदना.

"अख्खं लिंबायत त्या माणसाच्या पाया पडतं. पोथी खोटी असती तर पडलं असतं का?"

"भाऊ, माझ्या पोराने, लोकेशने, सिनेमातला हिरो पाहून विडी सोडली. आता त्या हिरोची आरती करू का?"

ओटा हसला. हे चिडले. "तुले नही समजनार!"

मी आतून हळूच म्हटलं, "अहो, पोथी तर महाराजांच्या आधीपासून घरात आहे. तिला त्यांची साक्ष कशाला?"

"तू गप. तुझ्या वाचण्याने सुटली का माझी? त्यांच्यामुळेच सुटली ना?"

खरंच होतं ते. आणि शुद्धीत घरी येणारा नवरा मला वाद जिंकण्यापेक्षा मोलाचा होता.

नळावर अंजनाबाई म्हणाली, "सुंदरा, त्याने सगळी पोथी एका माणसाच्या खुंटीला टांगलीय. खुंटी निघाली तर?"

प्लेगचं साल आलं. तोंडाला रुमाल बांधून माणसं मिळेल त्या गाडीने गावाकडे पळू लागली. महाराज मांडवात म्हणाले, "पोथीच्या छायेतल्या माणसाला भय नाही, जागा सोडू नका." म्हणून आम्ही राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी हे मांडव झाडायला गेले, तर महाराजांची मोटार नव्हती. अंधारातच नाशिकची वाट धरली, असं पानवाल्याने सांगितलं.

दारूबंदीच्या सुरतेत, अर्धी वस्ती रिकामी असताना, थैली तेवढी मिळाली. संध्याकाळी यांनी ती रिकामी करून देव्हाऱ्यासमोर आपटली.

"तो पळाला. पोथी खोटी. आजपासून वाचायची नाही."

"तो पळाला म्हणजे तो पळाला. पोथीने काय केलं?"

"मग माझी सुटली होती ती? तीबी खोटीच."

आवाज ऐकून अंजनाबाई दारात आली होती.

"जिंकलीस बाई," मी म्हटलं.

"असं नको बोलू गं. मला हरायला चाललं असतं."

ती गेली. हे देव्हाऱ्यापुढेच आडवे झाले. मी पूर्वीसारखं त्यांना ओलांडून दिवा लावला, ओल्या फडक्याने फरशी पुसली आणि त्या दिवसाचा अध्याय काढला. यांच्या घोरण्यात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. तरी ओवी न् ओवी खरी वाटत होती. यांची सोडवली ती पळपुट्या माणसाने, या खऱ्या पोथीने नाही; त्या खरेपणाचा मला पहिल्यांदा राग आला.