दोन साडू आणि एक दार

फोन वैजनाथच्या सासुरवाडीचा, कुरुंद्याच्या द्वारकाबाईंचा होता, आणि बातमी अशी की ऐकता ऐकता वैजनाथच्या हातातला चहा गार झाला. बालाजीनं त्यांच्या नव्या घराच्या दारांचा रंग बिघडवला होता. सुनेनं, म्हणजे पुनमनं, गडद अक्रोडी रंग सांगितला होता आणि दारं निघाली होती पिवळट. रविवारी वास्तुशांती, आणि आज बुधवार.

"तुमी येऊन नीट करता का, थोरले जावाई?"

"येतो की, मावशी. बघू काय घोळ घालून ठेवलाय त्यानं."

फोन ठेवला आणि वैजनाथ चक्क गुणगुणायला लागला. खोटं कशाला बोला, त्याला आनंद झाला होता. बालाजी त्याचा साडू. कुरुंद्याच्या रुख्मिणीबाईंच्या दोन लेकी, थोरली संगिता वैजनाथला दिलेली आणि धाकटी शिला बालाजीला. लाकडाला पॉलिश करायचं काम बालाजीला शिकवलं तेही वैजनाथनंच. वसमतला वैजनाथ वीस वर्षं हेच करत होता, बालाजीनं जवळा बाजारला हातात ब्रश घेऊन सात वर्षंही झाली नव्हती. तरी सासूच्या तोंडी आपलं उठता बसता बालाजीराव. बालाजीरावांनी देव्हारा चमकवला, बालाजीराव कधी आवाज चढवत नाहीत. थोरल्या जावयाचं नाव निघायचं ते फक्त जेवायला पाट मांडताना. वैजनाथच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि तो मुकाट्यानं जेवायचा.

शिवाय द्वारकाबाईंच्या घराण्यात एक रीत होती. वास्तुशांतीच्या दिवशी मुख्य दार ज्याच्या हातून पुरं झालं, त्या कारागिराला उंबऱ्यावर उभं करून सगळ्या पाहुण्यांदेखत फेटा बांधायचा. रुख्मिणीबाई तर शेजारच्याच गल्लीत राहायच्या, पहिल्या रांगेत बसणार होत्या. तो फेटा वैजनाथला हवा होता. सासूच्या डोळ्यांसमोर हवा होता.

तासाभरात तो कुरुंद्यात होता. मुख्य दार सागवानी, वर कमळांची नक्षी, आणि रंग असा की जणू कुणी वरणात बुडवून काढलंय. वैजनाथ गालात हसला. मग त्यानं दारावरून तळवा फिरवला आणि त्याचं हसू जिरलं.

घासाईचं काम बिनचूक होतं. कुठं चर नाही, कुठं गाठ हाताला लागत नाही, कमळाच्या पाकळीच्या आतल्या कोपऱ्यातसुद्धा बोट घसरत होतं. वीस वर्षांत आपल्या हातून असं एक तरी दार झालंय का, हे वैजनाथनं मनाला विचारलं आणि उत्तर यायच्या आत हात मागं घेतला.

"मावशी, दारं ठेवली कुठं होती?"

"हळदीच्या शेडात. घासाई झाल्यावर महिनाभर तिथंच उभी होती."

सगळा उलगडा झाला. शेडात हळद घासायचा ढोल रात्रंदिवस फिरत होता, ती धूळ लाकडाच्या रेषारेषांत बसली होती. बालाजीनं ती कोरड्या फडक्यानं पुसली आणि वरून अक्रोडी रंग चढवला. खालची हळद वर आली. उपायही सोपा होता. स्पिरिटनं दोनदा धुतलं की हळद निघून येते, मग पुन्हा रंग द्यायचा, झालं.

पण मग ती घासाई बालाजीचीच राहणार. लोक दारावरून हात फिरवणार, वा म्हणणार, आणि रुख्मिणीबाई म्हणणार, खालचं काम आमच्या बालाजीरावांचं बरं का. फेटा वैजनाथच्या डोक्यावर आणि कौतुक त्याचं! छे. त्या दारावर बालाजीच्या हाताची खूणसुद्धा उरता कामा नये, असं त्याला मनापासून वाटलं.

"काम मुळातच कच्चं हाय, मावशी," तो म्हणाला. "सगळं खरवडून काढावं लागंल."

त्यानं कॉस्टिक सोड्याचं पाणी केलं आणि मुख्य दारावर वरून खाली ओतलं. जुना रंग सुटायला लागला. आणि पाठोपाठ दार लाल व्हायला लागलं. आधी कमळं, मग चौकटीच्या कडा, मग सगळं दार. लालभडक.

द्वारकाबाई धावत आल्या. "आगं माय! ह्ये तर कुंकू झालं की! हळदीत चुना कालवला की असंच होतंय. तुमच्या सोड्यानं तेच केलं. येवढं बी ठाऊक न्हाई व्हय तुमाला?"

सगळ्या कुरुंद्यातल्या बायकांना ठाऊक होतं. वैजनाथलाही होतं, पण मत्सर डोक्यात शिरला की माणसाला दुसरं काही आठवत नाही. तो गुरुवारभर घासत राहिला. पाण्यानं लाकूड फुगून खरबरीत झालं, ती तुळतुळीत घासाई गेलीच, आणि नक्षीतला लाल रंग काही हलेना. दिवस मावळताना त्यानं बायकोला फोन केला. झाला प्रकार सांगितला.

"शिलाला सांगू का?" संगिता म्हणाली. "भावजी येतील."

"न्हाई! त्याला काहून बोलावती?"

"मग रईवारी पाहुण्यांना त्या लाल दारातून घ्या," असं म्हणून तिनं फोन ठेवला. आणि अर्थातच बहिणीला लावला.

शुक्रवारी दिवस उगवायला बालाजी हजर. गाडीला स्पिरिटचा कॅन आणि पिशवीभर लिंबं. त्यानं दार पाहिलं, वैजनाथकडं पाहिलं आणि शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

"साडूभाऊ, तुमी नक्षी घ्या, मी सपाट बाजू घेतो. आधी लिंबू मारू, लाली जाईल. मग स्पिरिट."

"तुला काही विचारायचं न्हाई का?"

"काय इचारू? मुळात चूक माझीच हाय. धूळ म्या स्पिरिटनं पुसायला पायजे होती."

तो चिडला असता, दोन शिव्या घातल्या असत्या, तर वैजनाथला बरं वाटलं असतं. पण हा गडी शांतपणे लिंबं कापत होता. दोन दिवस दोघं शेजारी शेजारी राबले. लाल गेलं, पिवळं राहिलं, मग फडक्यामागून फडकं हळदीनं भरत गेलं. बालाजीनं पुन्हा घासाई केली, आणि ती पहिल्यासारखीच झाली, हे पाहून वैजनाथच्या पोटात पुन्हा दुखलं. शनिवारी दुपारी सगळ्या दारांना रंग चढला. गडद, खोल, अगदी पुनमला हवा होता तसा अक्रोडी.

रविवारी अंगण माणसांनी भरलं. पहिल्या रांगेत रुख्मिणीबाई, दोन्ही बाजूंना दोन्ही लेकी. द्वारकाबाई फेट्याचं ताट घेऊन उंबऱ्याशी आल्या आणि म्हणाल्या, "बालाजी, या फुडं."

"मला न्हाई, मावशी," बालाजी म्हणाला आणि त्यानं वैजनाथला दंडाला धरून पुढं केलं. "साडूभाऊंनी मला शिकवलं. मान त्यायचा."

फेटा बांधला गेला. टाळ्या वाजल्या. वैजनाथला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि सासू मात्र बालाजीकडंच बघत होती. कसं बघत होती! डोळे भरून. कारागिरी त्याच्याकडं होतीच, आता मनाचा मोठेपणाही त्यानंच उचलला. आपल्याला ठेवलं काय? नुसता फेटा! वैजनाथला ते सोसेना. मोठेपणाच दाखवायचा ना? मग आपण काय कमी आहोत?

त्यानं फेटा काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला, "मंडळी, ह्ये दार म्या बिघडवलं होतं. जळून बिघडवलं. साडूचं चांगलं काम मला बघवलं न्हाई. नीट केलं ते बालाजीनं. फेटा त्याचा." आणि तो त्यानं स्वतःच्या हातानं बालाजीच्या डोक्यावर ठेवला.

बालाजीचे डोळे पाणावले. वैजनाथनं छाती भरून श्वास घेतला आणि वीस वर्षांत पहिल्यांदा सासूकडं ताठ मानेनं पाहिलं.

रुख्मिणीबाईंनी पदरानं डोळे पुसले. शेजारच्या बाईकडं वळून त्या कौतुकानं म्हणाल्या, "बघितलं का? दोन दिवस बालाजीरावांच्या संगतीत राहिले, तर आमचे थोरले जावाई किती सुधारले!"