न पाहिलेले तळे

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. म्हाताऱ्या वस्तू बहुधा आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगतात. मला मात्र माझ्या लाजेची गोष्ट सांगायची आहे. ती मनात ठेवून ठेवून माझे भिंगसुद्धा जड झाले आहे.

१९८७ च्या दिवाळीत पनवेलच्या चारुदत्त सरांनी मला मुंबईहून आणले. सर शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. त्यांनी मला पहिल्यांदा डोळ्याला लावले तेव्हा समोरच्या तारेवरचा साधा वेडा राघू त्यांना इतका जवळ दिसला, की ते लहान मुलासारखे हसले. मला धन्य वाटले.

थंडी पडली की दर रविवारी सर मला गळ्यात अडकवत आणि स्कूटरवरून उरणच्या वाटेवरच्या मिठागरावर नेत. बांधावर उभे राहिले की समोर खाडीचा चिखल आणि पाठीमागे, तिवरांच्या झाडीआड, एक तळे. तिथे दूरदेशाहून आलेले पक्षी दिसत: तुतवार, चिखल्या, लांब लाल पायांचे शेकाटे, कधी नशिबाने रोहित, म्हणजे फ्लेमिंगोही! पनवेलात सरांना लोक 'पक्षीवाले सर' म्हणू लागले. त्या कौतुकाने सर फुगले आणि खरे सांगते, त्यांच्याबरोबर मीही फुगले.

मिठागरावर काशिराम राखणदार होता. त्याला दुर्बीण लागत नसे. उडत्या थव्याच्या आवाजावरून तो पाखरू सांगे. त्याची आठ वर्षांची मुलगी शकू पहिल्याच हिवाळ्यात माझ्याकडे टक लावून म्हणाली, "सर, मना बघू द्या ना!"

"अगं, हात बघ तुझे. सगळं मीठ लागेल भिंगाला," सर म्हणाले.

शकूने हात मागे घेतले. मला तेव्हा बरेच वाटले होते. हीच माझी पहिली लाज.

पावसाळ्यात सर मला चामडी पेटीत बंद करून कपाटात ठेवत आणि थेट दसऱ्याला काढत. दोन पावसाळ्यांत माझ्या उजव्या भिंगाच्या आत बुरशी धरली. एका कोपऱ्यात पांढरट ठिपका दिसू लागला. सरांनी वरून रुमाल फिरवला, पण आतली घाण वरून पुसून जाते होय?

मग १९९० चा जानेवारी आला. त्या महिन्यात पाणपक्ष्यांची मोजणी असायची. सरांकडे छापील तक्ता आला होता. त्यात दोन रकाने होते, एक खाडीचा आणि एक मागच्या तळ्याचा. रविवारी नऊच्या सुमारास आम्ही बांधावर पोचलो, तर खाडी काठोकाठ भरलेली आणि पक्षी औषधालाही नाही.

काशिराम म्हणाला, "सर, आज बारस हाय. तिथीची पाऊणपट करायची, बाराची नऊ. नवाला भरती. चिखल बुडला का पाखरां मागच्या तल्यावर जातान. चला, दावतो."

गावाची भरती तिथीने येते आणि सरांची मोजणी रविवारी. ही साधी गोष्ट पुस्तके वाचून कळत नाही. सरांनी पायांतल्या नव्या पांढऱ्या बुटांकडे पाहिले, मग तळ्याच्या वाटेवरच्या गुडघाभर चिखलाकडे.

"इथूनच बघतो ना," म्हणत त्यांनी मला तिवरांकडे वळवले.

तिवरांच्या शेंड्यांवर, माझ्या उजव्या कोपऱ्यात, काहीतरी पांढरे हलले. तो शेकडो पाखरांचा थवा होता! सर पुटपुटले, "बुरशी." मी आरशासारखी लख्ख असते तर त्यांना तसे म्हणता आले नसते. त्यांनी मला पेटीत घातले आणि स्कूटरच्या सीटवर तक्ता ठेवून लिहिले, खाडी शून्य, तळे शून्य.

हेच सर वर्गात गरजायचे, "न पाहिलेलं निरीक्षण लिहाल तर जर्नल फाडून टाकीन!" लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

चार वर्षे गेली. मग तळ्यात भराव घालून प्लॉट पाडायचे ठरले. गावाच्या शाळेत सभा झाली. तळे वाचवायला सर मला गळ्यात अडकवूनच गेले होते. ते तावातावाने बोलू लागले. प्लॉट पाडणाऱ्यांच्या साहेबांनी शांतपणे मोजणीचा तो जुना तक्ता काढून वाचला, "मागचं तळं, पक्षी शून्य. ही सही तुमचीच ना, सर?"

"त्या दिवशी... मी तळ्यापर्यंत गेलो नव्हतो," सर म्हणाले.

"मग शून्य कसं लिहिलंत?"

मागच्या बाकावर काशिराम बसला होता. त्याने मान खाली घातली. सरांचा हात माझ्यावर आला.

पुढच्या रविवारी आम्ही बांधावर गेलो. तळ्यात डंपर मुरूम ओतत होते. सर काशिरामला म्हणाले, "चुकलो मी." काशिराम म्हणाला, "आता बोलून काय व्हनार, सर?" तेवढेच.

मग सरांनी गळ्यातून मला काढले आणि शकूपुढे धरले. ती आता चौदा वर्षांची झाली होती. मला घेण्याआधी तिने दोन्ही हात ओढणीला खसाखसा पुसले. सहा वर्षांत ती काही विसरली नव्हती. सरांनी तोंड फिरवले. मला तोंड फिरवता येत नाही.

तिने मला आकाशाकडे धरले आणि बराच वेळ पाहत राहिली. "बाबा, भरती हाय. पाखरां वर नुसती फिरतान. उतरायला जागाच नाय."

मित्रांनो, सरांनी त्या दिवशी मला परत घेतले नाही. आता मी शकूच्या घरी असते. पावसाळ्यात ती मला पेटीत कोंडत नाही, तांदळाच्या डब्याशेजारी कोरड्या जागी ठेवते. तुमच्याकडे माझी एखादी बहीण असेल तर तिचीही अशीच काळजी घ्या. जे पाहिले नाही, त्याचा रकाना कोरा सोडा, कोऱ्या कागदाची लाज वाटू देऊ नका. आणि कोणी बघायला मागितले, तर आधी त्याचे हात बघू नका.