चांगदेव ठाकूरांचं लॉगिन

रेवस रस्त्यावरच्या कोळंबीच्या कारखान्यातून चांगदेव ठाकूर दिवाळीत निवृत्त झाले. एकतीस वर्षं त्यांनी तिथला कॉम्प्रेसर सांभाळला. शाल-नारळ मिळाला, ओळखपत्र जमा झालं. त्यांच्या मोबाइलमधलं लॉगिन मात्र काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. कारखान्यातल्या सगळ्या थंड खोल्यांचं तापमान त्या ॲपवर दिसायचं. हे सॉफ्टवेअर आलं तेव्हा आधी नाकं मुरडली ती त्यांनीच, आणि पुढे सगळ्यांना शिकवलं तेही त्यांनीच.

बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी हेमाली खारघरला. रविवारी फोन करून गोळ्या घेतल्या का विचारायची, आणि बोलणं तिथेच आटपायचं. मग चांगदेव ओटीवर बसून ॲप उघडायचे. सकाळी शीतखोलीचा आकडा दोनावरून चारावर गेला की ते ओळखायचे, गाडी आली, दार उघडलं, बाया टोपल्या आत घेताहेत. त्यांची मुकादम काशी कुणाला तरी दटावत असणार. ते एकटेच हसायचे.

जूनमध्ये मासेमारी बंद झाली. कारखान्यात नुसता साठवलेला माल राहिला. दारं उघडेनात, आकडे हलेनात. तरी चांगदेव बघत राहायचे.

जुलैतल्या एका दुपारी तीन नंबरच्या खोलीचं तापमान चढायला लागलं. उणे अठरा, उणे सोळा. कॉइलवरचा बर्फ वितळवायला हीटर अर्धा तास चालतो, तेवढं चढतंच. पण पाऊण तास झाला. उणे तेरा. ॲपवर तर हीटर 'बंद' दिसत होता. खोलीचा चौकोन लाल झाला, तरी तिकडून कुणी दखल घेईना.

सुपरवायझर हितेशचा फोन बंद होता. त्यांनी गेटवरच्या पहारेकऱ्याला लावला.

"रावजी, चांगदेव बोलतोय. सदा कुठं हाय?"

"पाण्याच्या पंपावर, दादा. हितेश साहेब मुंबईला मिटिंगला गेलंत. आज आमी दोघंच."

"त्याला बोलाव. धावत जा!"

आता कॉम्प्रेसर सांभाळणारा सदा धापा टाकत फोनवर आला. "काका, हीटर बंद दाखवतोय की."

"दाखवू दे. सॉफ्टवेअरनं बंद केला असंल, पण पॅनलमधला स्विच चिकटलाय. हीटर आत तापतोच हाय. आधी हीटरचा मेन पाड."

पलीकडे लोखंडी झाकण आपटलं. "व्हय काका, जळका वास येतोय!"

संध्याकाळपर्यंत खोली पुन्हा उणे अठरावर आली. चांगदेव तोवर ओटीवरून उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी हितेशचा फोन आला. "काका, तुमच्यामुळे माल वाचला. फोन चालू केला तर एकदम सात अलार्म." मग त्याने विचारलं, "पण तुम्हाला कळलं कसं?"

"मोबाइलवर दिसलं," चांगदेव म्हणाले.

"रिपोर्टमध्ये तुमचं नाव आलंय, काका. मुंबईवाले विचारतायत. दिवसातून चाळीस-चाळीस वेळा उघडत होतात?"

"कशाला हात लावला न्हाय मी. निस्तं बघत व्हतो."

"माहितीये. पण बाहेरच्या माणसाकडे लॉगिन ठेवता येत नाही. काढावं लागेल."

"काढ," चांगदेव म्हणाले. "बरोबर हाय तुझं."

हितेश सहज बोलून गेला होता. 'बाहेरचा माणूस' मात्र दिवसभर त्यांच्या कानात राहिला. दुसऱ्या सकाळी ॲपने पासवर्ड घेतला नाही. ठाऊक असूनही त्यांनी तो तीनदा टाकून पाहिला.

ऑगस्टमध्ये होड्या सुटल्यावर ते कारखान्यात गेले. "नियम हाय दादा, रागवू नका," म्हणत रावजीने वहीत त्यांचं नाव लिहून घेतलं. सदाने चहा पाजला. कॉम्प्रेसरशेजारी दोघं ओरडून बोलत होते, तेवढ्यात सदाचा फोन वाजला. "आलोच काका," म्हणून तो गेला तो कामातच अडकला. काशी टोपली घेऊन जाताना थांबली, "बरं हाव ना?" म्हणाली आणि पुढे गेली. अर्धा तास वाट पाहून चांगदेव बाहेर पडले.

थांब्यावर शेजारी बसलेल्या अनोळखी बाईने विचारलं, "फॅक्टरीत कामाला का, काका?"

"व्हय," ते म्हणाले.

रिक्षा येईपर्यंत ती काय काय विचारत राहिली, आणि ते सांगत राहिले.