घरची कटूरा

"आई, तो हंडा ठेव खाली. तो इसहाकदादाचा," उंटाचा दोर आवळत जिम्रान म्हणाला.

"माझा आहे तो. मी आणलेला," कटूरा हंडा पोटाशी धरून उभी राहिली.

"तुझा कसला? इथलं सगळं आता दादाचं. अब्बा काल काय बोलले ते ऐकलंस ना?"

ऐकलं होतं. अब्राहामाने काल तिच्या सहाही मुलांना समोर बसवलं, प्रत्येकाला उंट, शेरडं आणि थोडी चांदी दिली, आणि सांगितलं, पूर्वेला जा. इसहाकाच्या वाटेत येऊ नका. जमीन, विहिरी, कळप सगळं पहिल्या बायकोच्या, साराच्या पोटच्या त्या एका मुलाचं. मुलं आधी तावातावाने बोलली, मग माना खाली घालून उठली. सकाळी सुना तंबू सोडायला लागल्या. कोणते गडी जाणार, कोणते राहणार, एवढंच काय, कोणतं कुत्रं कोणाबरोबर जाणार हेही ठरलं होतं.

"अरे, आणि मी?" कटूराने विचारलं.

जिम्रानचा हात थांबला. "तू? तुझं… तुझं काही निघालंच नाही बोलण्यात."

"म्हणजे मी यायचं की राहायचं?"

"अब्बांना विचार ना! नवरा तुझा आहे."

तो नवरा होता का, हेच तिला कधी नीटसं उमगलं नव्हतं. सारा गेल्यावर म्हातारा एकटा पडला. कटूरा तेव्हा वस्तीवर दळण दळायची. एक दिवस तो जाता जाता थांबला आणि म्हणाला, "उन्हात दळू नकोस. जातं माझ्या तंबूत आण." जातं गेलं, पाठोपाठ तीही गेली. ना जेवणावळ, ना गाणी. वस्तीवरच्या काही बाया तिला बायको म्हणत, काही ठेवलेली म्हणत. एकदा त्यालाच विचारावं असं तिच्या मनात येई. पण आधी लाज आडवी आली, मग बाळंतपणं, आणि मग त्याचं म्हातारपण. आता तर तो तिला कधी सारा म्हणून हाक मारी, कधी कुठल्याशा मेलेल्या बहिणीच्या नावाने.

इसहाक विहिरीवर होता. वयाने तो तिच्याच बरोबरीचा. तिला काय म्हणावं हे न सुचल्यामुळे त्याने इतकी वर्षं तिला 'जिम्रानची आई' म्हणून निभावून नेलं होतं.

"तुम्ही तरी सांगा," ती म्हणाली. "मी राहिले तर चालेल का?"

त्याचा चेहरा लाल झाला. "तुम्हाला जा म्हणणारा मी कोण?"

"मग राहा म्हणा."

"तसं म्हणणारा तरी मी कोण?" तो दोर उगाच तळहाताला गुंडाळत राहिला. "मी यातलं काही मागितलं नव्हतं, जिम्रानची आई. पोरं जाताहेत तर माझ्याही घशाखाली घास उतरत नाही. पण अब्बांपुढे बोलायचं कोणी?"

तिला त्याचा राग आला आणि दयाही आली. त्यातलं खरं कुठलं ते कळेना. ती तशीच परत फिरली.

तांडा निघायच्या बेतात होता. धाकट्या शूहने आपल्या उंटावर तिच्यासाठी घोंगडी अंथरली होती.

"चल, आई. म्हाताऱ्याकडे आता काय राहिलंय तुझं?"

"तोंड सांभाळ. वडील आहेत तुझे."

"कोणाचे वडील ते काल सांगितलं की त्यांनी!"

तेवढ्यात मोठ्या तंबूचा पडदा हलला. आधाराशिवाय न उठणारा अब्राहाम एकटाच बाहेर आला. एका हातात काठी, काखेत भाकऱ्यांचं गाठोडं, आणि खांद्यावर पाण्याने भरलेल्या, ठिबकणाऱ्या दोन कातडी मसका. सुनांचे हात जागच्या जागी थांबले. तो सरळ कटूरापाशी आला आणि मसकांचा पट्टा तिच्या खांद्यावर चढवू लागला. पट्टा घसरला. त्याने तो पुन्हा चढवला.

"हागार," तो म्हणाला, "पोराला घेऊन जा. या खेपेला दोन भरल्यात. तेव्हा एकच दिली होती. पुरलं नसेल."

हागार ही साराची मिसर देशातली दासी. तिला आणि तिला झालेल्या आपल्या मुलाला, इश्माएलला, अब्राहामाने फार वर्षांपूर्वी भाकरी आणि मसकभर पाणी देऊन रानात घालवून दिलं होतं. त्यानंतर तिचं नाव वस्तीत कोणी काढत नसे.

इसहाक विहिरीवरून धावत आला. "अब्बा, ही हागार नव्हे. ही कटूरा."

म्हाताऱ्याने डोळे बारीक करून तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"कटूरा कशाला जाईल?" तो चिडून म्हणाला. "ती घरची आहे. तिला सांग, मला भूक लागलीय."

एवढ्या वर्षांत जे विचारायचं राहिलं होतं त्याचं उत्तर मिळालं होतं. पण देणाऱ्याने तिला ओळखलं तरी होतं का? आनंद मानावा की ऊर बडवावा?

"आई घरची," शूह म्हणाला. "आणि आम्ही रे, दादा?"

इसहाक म्हाताऱ्याला हाताला धरून तंबूकडे नेऊ लागला.

कटूराने मसका खांद्यावरून काढल्या आणि स्वतःच्या हाताने शूहच्या उंटाला बांधल्या. गाठ दोनदा ओढून पाहिली.

"तू येत नाहीस," शूह म्हणाला.

"त्यांना भूक लागलीय रे."

कारण तिचं तिलाच हास्यास्पद वाटलं, पण त्या घडीला दुसरं सुचलं नाही. जिम्रानने तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. शूहने घेतलं नाही. तांडा चढण चढून गेला. त्या धुळीत त्याचा उंट कोणता, तेही तिला ओळखता आलं नाही.

तिने मसूर शिजवले. म्हातारा पोटभर जेवला आणि विचारू लागला, "पोरं दिसत नाहीत?"

"येतील," ती म्हणाली.

पुढे काही वर्षांनी अब्राहाम गेला. मम्रेच्या राईसमोरच्या गुहेत, साराच्या शेजारी त्याला ठेवायचं होतं. दक्षिणेकडून इश्माएल आला. दाढी पांढरी, मागे हत्यारबंद माणसं. लहानपणी तुटलेल्या त्या दोन भावांनी बापाला दोन बाजूंनी उचलून आत नेलं. कटूरा बाहेर, रडणाऱ्या बायकांपासून जरा बाजूला उभी होती. तिला कोणी अडवलं नाही, कोणी जागाही करून दिली नाही.

हात झटकत बाहेर आलेल्या इश्माएलची नजर तिच्यावर पडली. "ह्या कोण?"

"ह्या जिम्रान…" इसहाक अडखळला. मग एकदम मोठ्याने म्हणाला, "अब्बांची बायको."

सगळ्यांनी वळून पाहिलं. कटूरानेसुद्धा मागे वळून पाहिलं.

इश्माएल तिच्यासमोर धुळीतच बसला. "तुमची मुलं आलेली दिसत नाहीत."

"त्यांना कळवणार कोण? पूर्वेला असतात."

"माझी माणसं जातात तिकडे. बाप गेल्याचं पोराला कळायला हवं. कुठे शोधू त्यांना, सांगा."

कटूराने हात वर केला. समोर डोंगर होता, त्याच्यामागे फिकट दुसरा, आणि त्याच्याही पलीकडे नुसतं पांढुरकं ऊन. हात कुठे थांबवावा ते तिला कळेना. तो हळूहळू या टोकाकडून त्या टोकाकडे सरकत गेला, आणि तो खाली येईपर्यंत इश्माएल त्याच्या मागोमाग बघत राहिला.